बाकावरचा पाहुणा

निवृत्त माणसाने सकाळी काय करावे, याविषयी आमच्या गावात एकमत आहे. खांब तलावाकडे एक फेरी मारावी, वर्तमानपत्र शेवटच्या पानावरच्या जाहिरातींसकट वाचावे, भाजी आणावी आणि ती महाग आणल्याबद्दल बोलणी खावीत. २०१८ साली पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी हा परिपाठ सहा वर्षे निष्ठेने चालविला. २०२४ च्या दिवाळीपासून मात्र तो पार बिघडला आहे. हल्ली मी सकाळी दीड-दोन तास रोलर कोस्टर बांधतो.

बांधतो म्हणजे संगणकावर बांधतो. कुणी दारी आले की आमच्या सौभाग्यवती "ते कामात आहेत" असे सांगतात. पण हे सांगताना त्यांच्या आवाजाला जी एक बारीकशी धार येते ती येणाराला बरोबर कळते, आणि तो चहा न घेता जात नाही.

हे व्यसन मला लागले ते घराच्या आवराआवरीत. दिवाळीच्या आधी माळ्यावरचे सामान खाली निघाले. त्यात लेव्हलच्या नोंदवह्यांचे दोन गठ्ठे होते, एक पितळी समई होती (आमचा भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचे गाव, पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना भंडारा म्हटले की फक्त देवळातले जेवण आठवते, म्हणून सांगितले), आणि लेव्हलच्या यंत्राच्या रिकाम्या लाकडी पेटीत, फडक्यात गुंडाळलेली, एक सीडी होती. ती तिथे मीच ठेवली होती, २००६ च्या जानेवारीत. ठेवली होती म्हणजे लपविली होती.

त्या सीडीवर 'रोलरकोस्टर टायकून' नावाच्या खेळाचा दुसरा भाग होता. पहिला भाग १९९९ साली निघाला. त्याच वर्षी १ मे रोजी गोंदिया वेगळा होऊन आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, त्यामुळे साल माझ्या पक्के लक्षात आहे. तो खेळ ख्रिस सॉयर नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने जवळजवळ एकट्याने लिहिला, आणि तोही असेंब्ली भाषेत, म्हणजे यंत्राला थेट समजणाऱ्या आकड्यांच्या अगदी शेजारच्या भाषेत. शेजारचा अभियांत्रिकीचा मुलगा म्हणतो की हे काम म्हणजे वैनगंगेवरचा पूल चमच्याने सिमेंट कालवून बांधण्यासारखे आहे. चित्रे आणि संगीत तेवढे इतरांचे. दुसरा भाग २००२ चा.

खेळ असा की तुम्हाला एक मोकळी जागा आणि थोडे कर्ज मिळते. तिथे करमणुकीची बाग उभारायची. रस्ते, बाके, खाद्यपेयांची दुकाने, स्वच्छतागृहे, झाडूवाले, यंत्र दुरुस्त करणारे, सारे तुम्हीच नेमायचे. मग दारातून हातभर नव्हे, बोटभर उंचीची माणसे आत येतात. त्यांना तिथे पाहुणे म्हणतात. हे पाहुणे भुकेजतात, थकतात, वाट चुकतात, ओकतात; आणि एखाद्यावर बोट ठेवले की त्याच्या मनात काय चालले आहे ते शब्दांत वाचायला मिळते. खऱ्या आयुष्यात ही सोय असती तर पुष्कळ संसार सुधारले असते, किंवा मोडले असते.

पण बागेतली खरी राणी म्हणजे रोलर कोस्टर. तो तयार मिळतो, आणि हवा तर रूळ-रूळ जोडून आपला आपल्यालाही बांधता येतो.

आमचे चिरंजीव नववीत असताना, २००३ साली, आम्ही घरी संगणक घेतला. घेतला तो अर्थातच अभ्यासासाठी. त्या वर्षी तुमच्याही घरी आला असेल तर तोही अभ्यासासाठीच आला असेल. खेळाची सीडी चिरंजीवांनी नागपूरला सीताबर्डीवर पैदा केली. पुढे दोन-तीन वर्षे आमच्या घरात संध्याकाळी एका बाजूला कुकरची शिटी आणि दुसऱ्या बाजूला बारीक आवाजातल्या पाहुण्यांच्या किंकाळ्या असे चाले. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसे. तो काय बांधतो आहे हे उठून पाहावे असे मला एकदाही वाटले नाही. वास्तविक ज्याचे सारे आयुष्य उतार मोजण्यात गेले, त्याला तरी ते वाटायला हवे होते.

कारण रोलर कोस्टर आणि कालवा हे सख्खे भाऊ आहेत, हे मला या वयात कळते आहे. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, आणि माझी निम्मी नोकरी पवनीच्या बाजूला कालव्याच्या आखणीत गेली. कालव्याच्या पाण्याला पुढे ढकलणारे कुणी नसते. त्याच्यापाशी मुळात मिळालेली उंची असते, आणि ती त्याला शेवटच्या शेतापर्यंत पुरवून वापरायची असते. चार-पाच हजार फुटांत एखादा फूट उतरायचे, एवढाच खर्च परवडतो. एका ठिकाणी उधळलेली उंची पुढे कुणी भरून देत नाही. रोलर कोस्टरचेही तेच. साखळीने गाडी एकदा वर ओढून नेली की पुढचा सारा थाट त्या एका उंचीवर चालतो. घर्षणाने आणि वाऱ्याने तीही हळूहळू झिजत जाते, म्हणून सर्वसाधारण नियम असा की पुढचा प्रत्येक चढ मागच्यापेक्षा ठेंगणा हवा. फरक इतकाच की कालव्यात पाण्याने शहाण्यासारखे चालावे म्हणून आम्ही धडपडतो, आणि इथे त्याने वेडे व्हावे म्हणून.

शेजारच्या मुलाने मला 'ओपनआरसीटी टू' नावाचे एक फुकट साधन आणून दिले. हौशी लोकांनी २०१४ पासून ते तयार करायला घेतले; जुन्या खेळाच्या फायली जवळ असल्या की त्याच्या मदतीने तो खेळ आजच्या संगणकावर चालतो. "काय करून राहिले काका, आता गेम खेळणार का तुम्ही?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "पाहतो फक्त." तो हसला. सर्वच व्यसनांची सुरुवात पाहण्याने होते हे त्याला त्याच्या वयातच ठाऊक असावे.

माझी पहिली गाडी दुसऱ्या चढाच्या तोंडाशी दमली, मागे आली, पहिल्या चढाकडे गेली, पुन्हा खाली आली, आणि दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात पाळण्यासारखी झुलत अखेर स्थिर झाली. ओव्हरसियर म्हणून मला फार लाज वाटली. दुसरी गाडी सुटली ती सपाट वळणावर. आता वळणावर पाणीसुद्धा बाहेरच्या काठाकडे चढते, हे मी कितीतरी मुकादमांना शिकविले आहे. पण वळणात रूळ आतल्या अंगाला कलता करायचे माझ्याच लक्षात राहिले नाही. चाचणीची फेरी झाल्यावर खेळ तीन आकडे सांगतो: मौज किती, तीव्रता किती आणि मळमळ किती. माझी मौज कमी होती आणि मळमळ भरपूर.

यातला तीव्रतेचा आकडा मोठा विचार करण्यासारखा आहे. नवख्याला वाटते की उतार जितका उभा, वेग जितका अधिक, तितकी मौज अधिक. काही मर्यादेपर्यंत ते खरेही असते. पण तीव्रता दहाच्या वर गेली की मौजेचा आकडा घसरू लागतो आणि पाहुणे रांगेकडे फिरकतच नाहीत. प्रत्येक पाहुण्याची सोसण्याची ताकद वेगळी असते, आणि ती त्याच्या नावापुढे नोंदलेली असते.

खऱ्या जगातल्या माणसांनाही हे ठेचा खाऊनच कळले. १८८४ साली अमेरिकेत कोनी आयलंडला लामार्कस थॉम्प्सनने आपली झुलती रेल्वे उभारली, तेव्हा तिचा वेग ताशी सहा मैल होता. आमच्या कारध्याच्या जुन्या पुलावरून सायकल याहून जोरात जाई. लोक तरी तुटून पडले. मग वेगाची आणि उलटेपालटे होण्याची हाव सुटली. १८९५ मध्ये तिथेच गाडीला उभ्या वर्तुळातून फिरविणारा एक प्रकार निघाला. वर्तुळ अगदी गोल होते आणि चूक तिथेच होती. सरळ रुळावरून गोलात शिरताक्षणी एकदम एवढा भार अंगावर येई की बसणाऱ्यांच्या माना अवघडत. ही अडचण चांगली सुटली ती १९७६ साली, जेव्हा व्हेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने कॅलिफोर्नियातल्या एका बागेसाठी थेंबाच्या आकाराचा वेढा काढला: खाली पसरट, आणि वर जाता जाता आवळत जाणारा. त्यातला वक्र हा आम्ही पदविकेच्या वर्गात रेल्वेच्या वळणांसाठी शिकलेला संक्रमण वक्रच. सरळ रस्ता एकदम वळवू नये, आधी थोडा थोडा वाकवीत न्यावा, म्हणजे गाडीतल्या माणसाला धक्का बसत नाही. ती आकृती मी परीक्षेत काढून पूर्ण गुण मिळविले होते.

आता २००६ चा जानेवारी. चिरंजीवांचे बारावीचे वर्ष. परीक्षेला महिना-दीड महिना उरलेला. आमच्याकडे तेव्हा भारनियमन इतके होते की वीज केव्हा जाईल यापेक्षा केव्हा येईल यावर घराचे वेळापत्रक ठरे. एका रात्री साडेबाराला वीज आली. मला बरे वाटले, की मुलगा दिव्याखाली वाचत असेल. तासाभराने पाणी प्यायला उठलो तो पडद्यावर झाडे, रूळ आणि बोटभर माणसे!

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरे झाले असते असे आता वाटते. मी शांतपणे म्हणालो, "झुले बांधून पोट भरते का कुणाचे?" त्याच्या आधी काही दिवसांपूर्वी त्याने आईपाशी, असे काहीतरी बनविण्याचेच शिक्षण कुठे मिळते का, म्हणून चौकशी केली होती. ती माझ्या कानावर आली होती. प्रश्न त्याला उद्देशून होता आणि तो त्याला नेमका लागला.

"दोन मिनिटं द्या ना बाबा," तो म्हणाला, "सेव्ह करून घेतो फक्त."

मी दोन मिनिटे उभा राहिलो. त्याने काहीतरी टंकले, फाईल ठेवली, सीडी काढून माझ्या हातात दिली. ती त्याने पुन्हा कधी मागितली नाही. बारावी झाली, गुण चांगले पडले, नागपूरला स्थापत्य अभियांत्रिकी झाली, आणि मग स्थापत्य सोडून तो पुण्याला संगणकाच्या नोकरीत गेला. दर रविवारी फोन येतो. जेवलात का, हो. बीपीची गोळी घेता ना, हो. तिकडे पाऊस आहे का, नाही. आईला देतो. हा फोन अठरा वर्षांत सरासरी तीन मिनिटांच्या वर गेलेला नाही.

तर शेजारच्या मुलाने जुन्या संगणकातली तबकडी काढून एका डबीत बसविली आणि ती माझ्या लॅपटॉपला जोडली. फाईल तिथे होती. तिच्यावर त्या रात्रीची तारीख होती. उघडल्यावर बाग दिसली ती थांबलेली. कारण खेळ सुरू करायची कळ मी दाबलीच नव्हती. पाण्याचा फवारा हवेत अडलेला, एका पोराच्या हातातला फुगा तिरका, गाडी चढावर लटकलेली.

आधी मी अभियंत्याच्या नजरेने पाहिले, कारण तेवढीच एक नजर मला येते. वळणे नीट कललेली होती. चढ क्रमाने उतरत होते, एक तिसरा चढ सोडून. थेंबाचे वेढे होते. सगळ्यांत उंच, अंगावर येणारा, नुसता पाहूनच पोटात गोळा येईल असा जो कोस्टर होता त्याला चिरंजीवांनी नाव दिले होते, 'बारावी'. तीव्रता तेरा. रांगेत चिटपाखरू नव्हते. रिकामी गाडी फलाटावर उभी होती.

त्याच्या पायथ्याशी एक लहानसा, बुटका कोस्टर होता. चढ थोडे, वळणे सावकाश, वाटेत दोन ठिकाणी ब्रेक. त्याचे नाव 'मंडई'.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव जत्रा भरतात, त्यांना मंडई म्हणतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुपारी दंडार, रात्री नाटक, वाटेवर उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, आणि मैदानाच्या कडेला आकाशपाळणा. तो लहान असताना आम्ही दरवर्षी जात असू. सौभाग्यवती आणि चिरंजीव पाळण्यात बसत. मी खाली उभा राहून चपला, पिशव्या आणि शिंगाड्यांचा पुडा सांभाळी. मला उंचीची भीती वाटते हे मी घरात कधी सांगितलेले नाही. सामानापाशी कुणीतरी हवेच, असे मी म्हणत असे. पुढे २०१५ साली त्याने आम्हा दोघांना खोपोलीच्या इमॅजिकात नेले, तेव्हाही पाच वेळा उलटी होणाऱ्या त्या 'नायट्रो'खाली मी सामानापाशीच उभा होतो. सौभाग्यवती तेवढ्या जाऊन आल्या आणि दोन दिवस सर्वांना तेच सांगत होत्या.

तर त्या 'मंडई'च्या समोर एक बाक होते आणि बाकावर एक पाहुणा बसलेला होता. मी सहज त्याच्यावर बोट ठेवले. या खेळात पाहुण्यांची नावे बदलता येतात. याचे नाव इंग्रजी अक्षरांत 'बाबा' असे होते.

त्याच्या हातात छत्री होती आणि बागेचा नकाशा होता. (हा योगायोग, छत्र्या आणि नकाशे त्यांना बागेतच विकत मिळतात.) आवड: कमी तीव्रतेची. मळमळ सोसण्याची ताकद: थोडी. आजवर कशाकशात बसला, त्या यादीत काही नव्हते. मनातले विचार तीन. पहिला, 'बारावी' मला झेपणार नाही. दुसरा, मी थकलो आहे. तिसरा, ही बाग अगदी स्वच्छ आणि नीटनेटकी ठेवली आहे.

मी सौभाग्यवतींना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पाहिले. म्हणाल्या, "अहो, बसलाय पण अगदी तुमच्यासारखाच." आणि फराळाचे तळण गॅसवर होते म्हणून घाईने आत गेल्या. बऱ्याच वेळाने पदराला हात पुसत पुन्हा आल्या आणि न बोलता माझ्या शेजारी बसल्या.

त्या रविवारी फोन आला. जेवलात का, हो. गोळी, हो. मग मी विचारले, "तुझा तिसरा चढ दुसऱ्यापेक्षा उंच कसा काय? गाडी चढायलाच नको."

पलीकडे काही वेळ शांतता होती. "कोणता तिसरा चढ?"

"वैनगंगा नावाच्या कोस्टरचा."

"बाबा, तुम्ही ते कुठून…" आणि मग तो हसला. लहानपणी पाळण्यातून उतरल्यावर हसे तसा. "तिथे साखळी आहे ना खाली. चोरून बसवली होती मी. झाडांच्या मागे आहे, दिसत नाही."

"म्हणजे उपसा सिंचन म्हण की!"

"हो, उपसाच. पाणी कमी पडलं की पंप लावायचा."

पुढे चाळीस मिनिटे आम्ही बोललो. वळणातला कल किती ठेवावा, दुसरी गाडी पहिलीच्या मागे किती अंतराने सोडावी, ब्रेक उताराच्या शेवटी लावावेत की वळणाच्या आधी. तो म्हणाला की माझी पहिली गाडी अडकली कारण मी कालव्यासारखा उतार दिला. मी म्हणालो की त्याच्या बागेत सांडपाण्याची काही व्यवस्था दिसत नाही. सौभाग्यवती दोनदा दारात येऊन गेल्या, भांडण तर नाही ना, म्हणून.

शेवटी मी विचारले, "त्या बारावीची तीव्रता कमी नव्हती का करता आली? पहिल्या उताराचा पाया थोडा लांबविला असता, तरी दहाच्या आत बसली असती."

"आली असती," तो म्हणाला. "करायची नव्हती."

यावर मला काही सुचले नाही. त्या रात्री मी जे बोललो ते बोलायला नको होते, हे वाक्य माझ्या तोंडाशी आले होते. ते मी बोललो, पण अशा आवाजात की त्याला ऐकू गेले की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "भाऊबीजेला येतोच आहोत आम्ही. लॅपटॉप चार्ज करून ठेवा." बाकावरच्या पाहुण्याविषयी मी विचारले नाही. ते नाव त्याने त्या दोन मिनिटांत दिले की आधीच कधीतरी, हेही विचारले नाही.

ती फाईल मी तशीच ठेवली होती. माझे कोस्टर मी दुसऱ्या, नव्या बागेत बांधीत असे. कळ दाबावी तर काय होईल याचा भरवसा नव्हता. या खेळातला कंटाळलेला पाहुणा फाटकातून बाहेर पडला की गेलाच. तो परत मिळत नाही.

भाऊबीजेला मंडळी आली. संध्याकाळी आम्ही तिघे त्या पडद्यापुढे बसलो. सून मुलीला झोपवीत होती. चिरंजीव म्हणाला, "चालू करू जी?" मी म्हणालो, "थोडं थांब," आणि मग म्हणालो, "कर."

फवारा खाली आला. फुगा सरळ झाला. लटकलेली गाडी चढ ओलांडून किंचाळत खाली गेली. बाकावरचा पाहुणा बराच वेळ हलला नाही. मग तो उठला, चार पावले फाटकाच्या दिशेने गेला, वळला, आणि 'मंडई'च्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

रांग मोठी होती. सौभाग्यवतींनी खुर्ची पुढे ओढली आणि शिंगाड्यांची बशी आमच्यामध्ये ठेवली.